रविवारी पोट शांत का असतं?

पत्र:

"डॉक्टर, माझं वय ३८. गोव्यात साखळीला राहते, नोकरी पणजीत पाटोला. मे महिन्यात लघवीला जळजळ झाली, थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि चांगलंच बजावलं की तुम्ही पाणीच पीत नाही, पाणी वाढवा. खरं होतं ते. म्हणून जूनमध्ये दोन बाटल्या घेतल्या. एक लिटरची स्टीलची, टोपणाला नळी असलेली. दुसरी तांब्याची, तीही लिटरभराची. तांब्याच्या बाटलीत रात्रीच लिंबू पिळून पाणी भरून ठेवते, सकाळी घाई असते ना. उठल्या उठल्या ती सगळी संपवते. साडेसातची बस. ऑफिसात पोचल्यावर स्टीलची बाटली अकरापर्यंत संपवते, पुन्हा भरते, चारपर्यंत तीही संपवते. आता तीन आठवडे झाले. पोट ढोलासारखं फुगतं, ढेकर थांबत नाहीत, सकाळी मळमळतं आणि दोन-तीनदा पातळ होतं. दोन वेळा वाटेत माशेलला बसमधून उतरावं लागलं. लिहायलाही लाज वाटते. नवल म्हणजे रविवारी काही होत नाही. सासूबाई म्हणतात, पाणी बाधलं, एवढं पाणी कोण पितं? नवरा म्हणतो, स्टील हलकं आहे, टाकून दे ती बाटली. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, अंगातली घाण बाहेर पडतेय, चालू ठेव. पाणी कमी करू की बाटली टाकू? बाटल्या मी रोज धुते, हे आधीच सांगते."

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझीही नजर बाटल्यांवरच खिळली. दुसऱ्यांदा वाचताना मधलं ते वाक्य दिसलं, जे तुम्ही 'नवल म्हणजे' एवढं म्हणून सोडून दिलंत. रविवारी काही होत नाही. आमच्या कामात असं वाक्य हाती लागलं की अर्धी तपासणी झाल्यासारखी वाटते. आतड्यातल्या जंतूंना रविवारची सुट्टी नसते. सहा दिवस बोंब मारणारं पोट सातव्या दिवशी गप्प बसतं, म्हणजे सहा दिवस तुम्ही असं काहीतरी करता जे सातव्या दिवशी करत नाही.

आधी तुमच्या तीन सल्लागारांचं बघू. मैत्रिणीचं म्हणणं सोडून द्या. अंगातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती रात्रंदिवस तेच करतात, आणि त्यासाठी माणसाला माशेलला उतरवत नाहीत. नवऱ्याचा संशय स्टीलवर आहे. चांगलं स्टेनलेस स्टील साध्या पाण्याला काही करत नाही. आत गंजाचे डाग दिसले किंवा धुतल्यावरही पाण्याला लोखंडी चव आली तर टाका, नाहीतर चारशे-पाचशे रुपयांची वस्तू उगाच का फेकायची? सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. त्यांच्याकडे मी नंतर येते.

पाणी मात्र कमी करू नका. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते योग्यच होतं आणि त्याला आधार आहे. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षअखेर त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला होता, बाकीच्यांना ३.२ वेळा. अभ्यासाचा खर्च पाणी विकणाऱ्या एका कंपनीनं केला होता, हेही सांगायला हवं. पण फरक मोठा आहे आणि गोष्ट अक्कलहुशारीलाही पटणारी आहे: लघवी वारंवार झाली की जंतूंना मूत्राशयात ठाण मांडायला वेळ मिळत नाही. गंमत अशी की त्या बायकांनाही पाणी बाटलीतूनच दिलं होतं, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या, दिवसभरात वाटून. सकाळी सहाला एकदम लिटर नव्हे.

तर तुमचं ते सकाळचं लिटर. जठर ही ताणणारी पिशवी आहे, तिच्यात लिटर-दीड लिटर मावतं. पण ती ताणली की मोठ्या आतड्याला निरोप जातो, वरून माल येतोय, खाली जागा करा. ही व्यवस्था आपल्या सगळ्यांच्यात आहे आणि सकाळी ती सर्वात जास्त जागी असते. चहाचा कप रिकामा झाला रे झाला की ज्यांना परसाकडे धाव घ्यावी लागते, त्यांना हे समजावून सांगायला नको. तुम्ही चहाच्या कपाऐवजी अख्खी बाटली ओतता. साधं पाणी जठरात फार रेंगाळत नाही, निम्मं तर पंधरा-वीस मिनिटांतच खाली सरकतं. तिथून पुढचा हिशेब आणि साडेसातच्या बसचा हिशेब जुळवून बघा. माशेल अगदी बरोबर वेळेवर येतं.

आणि इतकं पाणी एकदम पिऊन हाती काय लागतं? मूत्रपिंडं तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणीच बाहेर टाकू शकतात. गरजेपेक्षा जास्त आलेलं पाणी ती लगेच काढून देतात, दुपारसाठी साठवून ठेवत नाहीत. म्हणजे सहाला प्यायलेल्या लिटरचा अकरा वाजता तुमच्या मूत्राशयाला काडीचा उपयोग नाही.

हे वेळापत्रक तुम्ही का आखलंत, ते मात्र मला न सांगता कळलं. तुम्ही सहाला पिता, मग थेट नऊनंतर, आणि चारला थांबता. मधले प्रवासाचे तास कोरडे. सत्तरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात होते तेव्हा मी प्रत्येक बाईला 'पाणी भरपूर पी गो' सांगायची, आणि एक दिवस एकीनं मला गप्प केलं. म्हणाली, "पिईन डॉक्टर, पण जायचं कुठे?" खाणीवर, शेतात, बाजारात, बसमध्ये, कुठेच सोय नाही. आपल्या बायका तहान लागत नाही म्हणून पाणी सोडत नाहीत, लघवीला जावं लागेल म्हणून सोडतात. मग जळजळ होते, मग डॉक्टर रागावतात, मग बाई घराचा संडास जवळ असताना एकदम लिटर रिचवते आणि ऑफिसचा संडास जवळ आला की दुसरा. तुम्ही नेमकं हेच केलंत. शहाणपणानं केलंत, फक्त पोटाला विचारलं नाही. बसस्थानकांवर बायकांसाठी स्वच्छ शौचालयं असणं हा मूत्रमार्गाच्या आजारावरचा उपचार आहे असं मी सभांमधून सांगत आले. लोक हसतात.

आता तांब्याची बाटली. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सकाळच्या मळमळीचा माझा पहिला संशय हिच्यावर आहे.

चतुर्थीच्या आधी तांब्या-पितळेची भांडी घासायला तुम्ही नक्की बसला असाल. घासायला काय घेता? चिंच, नाहीतर भिंडांची (कोकमाची) सोलं, नाहीतर अर्धं पिळलेलं लिंबू आणि मीठ. आंबट लागलं की काळपट थर निघतो आणि खालून लाल झळाळी येते. तो निघालेला थर जातो कुठे? त्या आंबट पाण्यात. तुम्ही रोज रात्री बाटलीत लिंबू पिळून ठेवता, म्हणजे आठ तास बाटली आतून घासायला ठेवता, आणि सकाळी ते घासणीचं पाणी रिकाम्या पोटी पिता.

साधं पाणी तांब्यात रात्रभर ठेवलं तर त्यात उतरणारं तांबं थोडंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम तांब्याची मर्यादा सांगितली आहे, आपल्या भारतीय मानकात ती आणखी कडक, दुसरं पाणी मिळत नसेल तेव्हाही फार तर १.५ मिलिग्रॅम आहे. साधं पाणी सहसा त्याच्या बरंच खाली राहतं. शिवाय तांब्याच्या भांड्यात पाण्यातले जंतू मरतात हे खरं आहे, ते प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. आंबट पाणी मात्र तांबं भराभर ओढून घेतं. जास्त तांबं जठराला सोसत नाही, ते आतून चुरचुरतं. लक्षणं अगदी तुम्ही लिहिलीत तीच: मळमळ, पोटात कळा, कधी उलटी, पातळ होणं, आणि तेही प्यायल्यावर थोड्याच वेळात.

आपल्या आज्या-पणज्यांना हे मिलिग्रॅम ठाऊक नव्हते, पण कल्हई ठाऊक होती. कल्हईवाला दारात येई, भाता फुंकी, भांड्याला आतून कथिलाचा चकचकीत मुलामा चढे. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात कोणी आमटी, कढी शिजवत नसे, शिजवली तर ती 'कळकली' म्हणून ओतून देत. सोलकढी तर चिनीमातीच्या भांड्यात नाहीतर दगडीत. तांब्याची कळशी असायची ती निव्वळ पाण्याची. सासूबाईंना विचारा, तांब्यात लिंबू पिळून ठेवते हे त्यांना सांगितलंत तर त्या काय म्हणतात. माझी खात्री आहे, त्या जे बोलतील ते या सदरात छापता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बरेचदा मुळातच किंचित आम्ल असतं. तुमच्या घरी विहीर की नळ, ते तुम्ही लिहिलेलं नाही. विहीर असेल आणि बाटली आतून हिरवट दिसत असेल, तर लिंबाशिवायही ती बाटली बाजूला ठेवा. हिरवट थर दिसणारं तांब्याचं कोणतंही भांडं पिण्याच्या कामाचं नाही, ते आधी घासून लख्ख करायचं.

लिंबू आवडतं ना? पेल्यात पिळा. काचेच्या, स्टीलच्या, कशाच्याही.

ढेकर आणि फुगणं यांचा धागा मात्र दुसऱ्या बाटलीकडे जातो. तुम्ही बाटल्या रोज धुता. विश्वास आहे. पण टोपण धुता का? धुता म्हणजे नळाखाली धरता, की उघडता? आज संध्याकाळी एक काम करा. टोपण उलटं करा. आत एक रबरी कडं बसवलेलं असतं, पांढरं किंवा पारदर्शक. केसांच्या पिनेनं ते हळूच उचकटून बाहेर काढा. नळी ओढून काढा. तोंडात धरायचा तो मऊ भाग निघत असेल तर तोही काढा. आता कड्याची आतली बाजू आणि ते जिथे बसतं ती खाच बघा, बोट फिरवा. बुळबुळीत लागेल, काळे ठिपके असतील, वास येईल. मांडवीच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर पावसात जे बसतं, त्याचंच हे धाकटं भावंड. जंतू एकमेकांना चिकटून स्वतःभोवती चिकट थर करतात आणि नुसत्या पाण्याच्या धारेला दाद देत नाहीत. घासावं लागतं.

यानं माणूस आजारी पडतोच असं मी म्हणणार नाही. त्यातले बहुतेक जंतू तुमच्याच तोंडातले असतात आणि धडधाकट माणसाला त्यांचं काही वाटत नाही. इंटरनेटवर बाटलीतल्या जंतूंची तुलना कशाकशाशी करून घाबरवतात, त्याकडे लक्ष देऊ नका. पण त्या बाटलीत कधी ताक, कोकम सरबत, दुधाची कॉफी भरली असेल आणि उरलेलं दुपारभर तसंच राहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. जंतूंना जेवण मिळालं की ते पंगत बसवतात. म्हणून या बाटलीत फक्त पाणी, हा नियम करून टाका. तीच गोष्ट पाण्यात टाकायच्या फसफसणाऱ्या गोळ्यांची. तुम्ही लिहिलं नाहीत, पण घेत असाल तर वेष्टन वाचा. त्यात साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल असेल तर तेवढ्यानंही काहींचं पोट फुगतं आणि ढिलं होतं.

माझ्या मते नळीचा मोठा गुन्हा वेगळाच आहे. तिच्यातून प्रत्येक घोटाबरोबर हवा आत जाते. नळीत आधी हवाच भरलेली असते, ती पहिल्या झुरक्याला पोटात. शिवाय 'अकरापर्यंत संपवायची' म्हणून तुम्ही भराभरा ओढत असणार, कामात डोकं खुपसून, मान वाकवून. हवेचा काही भाग ढेकर होऊन वर येतो, उरलेला खाली आतड्यात जाऊन ढोल वाजवतो. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीत हवा राहिली की ते रडतं, आपण त्याला खांद्यावर घेऊन थोपटतो. ऑफिसात तुम्हाला कोण थोपटणार?

रविवारी तुम्ही काय करता? शनिवारी रात्री बाटली भरत नसणार, उशिरा उठत असणार, तहान लागली की साध्या भांड्यातून पेल्यात ओतून पित असणार. लिंबू-तांबं नाही, एकदम लिटर नाही, नळी नाही. तिन्ही एका दिवशी रजेवर. तरीही एक गोष्ट विसरू नये: रविवारी बसही नसते. 'आज पुन्हा उतरावं लागलं तर?' या धास्तीनंही आतडं उसळतं. परीक्षेच्या सकाळी पोरांना होतं तसं. ते खोटं दुखणं नव्हे.

मग करायचं काय. शास्त्राप्रमाणे वागायचं तर एका वेळी एकच बदल करावा आणि चार दिवस थांबून बघावं, म्हणजे नेमकं कोण चोर ते कळतं. पण तुम्हाला उद्या सकाळी त्या बसमध्ये बसायचंय, त्यामुळे दोन गोष्टी उद्यापासूनच: तांब्यातलं लिंबू बंद, सकाळचं लिटर बंद. उठल्यावर एक पेला साधं पाणी, बसून, घोट घोट. तेवढंच. पाच-सहा दिवसांत मळमळ आणि सकाळची धावपळ कमी व्हायला हवी. ती कमी होऊनही ढेकर राहिले, तर नळीचं टोपण काढून ऑफिसात पेल्यात ओतून प्या. रुंद तोंडाचं साधं फिरकीचं टोपण त्याच मापाचं मिळालं तर उत्तमच.

पाणी दिवसभर वाटा. सकाळी पेला, न्याहारीबरोबर अर्धा पेला, ऑफिसात पोचल्यावर तासाला पेलाभर, जेवताना लागेल तेवढं. 'भोजनान्ते विषं वारि', म्हणजे जेवणाअखेरीचं पाणी विष, असं कोणी ऐकवलं तर ऐकून घ्या. जेवताना दोन-चार घोट प्यायल्यानं पाचक रस पातळ होऊन अन्न कुजतं वगैरे काही होत नाही. फक्त ताट संपल्यावर ढसाढसा पेलेभर ओतलं तर भरल्या पोटाला ते जड जातं, एवढा अर्थ त्यातून घ्यावा. घरी आल्यावर आणखी दोन पेले. झोपायच्या आधीचा तास मोकळा ठेवा, नाहीतर रात्री उठणं आलं.

तीन लिटरच्या हट्टाची गरज नाही. दिवसाला आठ पेले ही जी जपमाळ सगळे ओढतात, तिचं मूळ लोक १९४५ साली अमेरिकेत निघालेल्या एका शिफारशीत शोधतात. त्यात अडीच लिटर म्हटलं होतं, पण तिथेच पुढे असंही होतं की यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं. ते पुढचं वाक्य लोकांनी गाळलं. सकाळी पेज, दुपारी हुमण (माशाची आमटी)-भात किंवा आमटी-भात, वर सोलकढी, असं आपलं जेवण. भाकरी-चटणी खाऊन उन्हात राबणाऱ्यापेक्षा आपल्या पोटात पाणी आपोआप जास्त जातं. तुम्हाला बाटलीचे साधारण दोन लिटर पुरेत, मेच्या उकाड्यात थोडे जास्त. मोजायचंच असेल तर लघवीचा रंग बघा. फिक्या पिवळ्या रंगावर समाधान माना, पाण्यासारखी पांढरी व्हायलाच हवी असं नाही.

टोपणाच्या धुण्याबद्दल. कडं, नळी आणि तोंडाचा भाग वेगळे करून रोज साबणाच्या कोमट पाण्यात, नळीसाठी मिळणाऱ्या बारीक ब्रशनं. अरुंद तोंडाच्या बाटलीत हात जात नसेल तर मूठभर तांदूळ, थोडा साबण, कोमट पाणी घाला आणि दोन मिनिटं खळखळवा. आठवड्यातून एकदा अर्धं पाणी, अर्धा पांढरा विनागर घालून अर्धा तास ठेवा, घरातला माडाचा विनागर जेवणाला राहू दे. मग घासून, उकळतं पाणी फिरवून काढा. विनागर आणि कपड्यांचं ब्लीच कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. खरी अडचण वाळवण्याची आहे. पावसात आपल्याकडे पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे नळी काय वाळणार? म्हणून रात्री धुवा, पुसा, सुटे भाग पंख्याखाली फडक्यावर पसरा आणि सकाळी जोडा. टोपण लावून बाटली कपाटात ठेवलीत तर धुतल्याचं सगळं पुण्य वाया.

त्या बाटलीत पाणी कुठलं भरता तेही बघा. पणजीला येतं ते ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी, तुमच्याकडे नळ असेल तर पडोसेच्या केंद्राचं. नळाच्या पाण्यात घरी पोचेपर्यंत थोडं क्लोरीन शिल्लक राहावं अशी अपेक्षा असते, आपलं मानक लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगतं. तो वास कोणाला आवडत नाही, पण तो पहारेकरी आहे. फिल्टरमधून काढलं की पहारेकरी जातो, म्हणून फिल्टरचं पाणी मळक्या बाटलीत दिवसभर राहिलं तर लवकर बिघडतं. ऑफिसात वीस लिटरचा जार असेल तर जारपेक्षा खालच्या यंत्राची तोटी कोणी कधी धुतली, एवढं एकदा विचारा. प्रश्न विचारल्यावर जी शांतता पसरते, तिच्यातच उत्तर असतं. आणि घरी विहीर असेल तर हे दिवस वाईट. पहिल्या पावसात अंगणातलं, गोठ्यातलं, शोषखड्ड्यातलं सगळं जांभ्यातून झिरपत विहिरीत उतरतं. आरोग्य केंद्रातून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घेऊन विहिरीत टाकून घ्या आणि पावसाळाभर पिण्याचं पाणी खळखळ उकळून प्या. मात्र घरात एकट्या तुम्हालाच त्रास आहे, सासूबाई ठणठणीत आहेत, यावरून विहिरीवर माझा संशय कमीच आहे.

एक गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत सांगून पुढे गेलात: पाच दिवसांच्या गोळ्या. त्या बहुधा प्रतिजैविकं असणार. ती वाईट जंतूंबरोबर आतड्यातले भले जंतूही मारतात आणि गोळ्या संपल्यावर कित्येक आठवड्यांनीही पोट बिघडू शकतं. गोळ्या मेमध्ये, बाटल्या जूनमध्ये, पाऊस जूनमध्ये. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी, आणि नाव बाटलीचं होतं. रविवारच्या शांततेमुळे मी गोळ्यांना खालच्या नंबरावर ठेवलंय, पण यादीतून काढलेलं नाही.

म्हणून या आठवड्यात एकदा आरोग्य केंद्रात जाऊन शौचाची तपासणी करून घ्या. पातळ होणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की तपासायचं, हा आमचा साधा नियम आहे, आणि तुमचे तीन झाले. जिआर्डिया नावाचा एक परजीवी असतो, त्यात पोट फुगतं, ढेकरांना सडक्या अंड्याचा वास येतो, शौच चिकट, तेलकट होतं. क्लोरीनला तो सहज मरत नाही, उकळल्यावर मरतो. निघाला तर औषधानं बरा होतो. डॉक्टरांना मेमधल्या गोळ्यांचं नाव सांगा, कागद असेल तर न्या. ताप आला, शौचातून रक्त किंवा आव पडली, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, वजन उतरलं, डोळे पिवळे दिसले, किंवा पुन्हा जळजळ होऊन कंबरेत दुखायला लागलं, तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी जा.

ज्या सकाळी जास्त जुलाब होतील, त्या दिवशी नुसतं पाणी पीत राहू नका. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, ढवळून घोट घोट. नाहीतर सासूबाईंना उकड्या तांदळाची पेज करायला सांगा, मीठ घालून. त्यांना बरं वाटेल आणि तुमच्या पोटालाही. पाणी बाधलं हे त्यांचं निदान पूर्ण बरोबर नसलं तरी, पाणी पिण्याची रीत बाधली हे त्यांनी तुमच्या आधी ओळखलं होतं.

दहा-बारा दिवसांनी पोट जाग्यावर आलं की एका रविवारी, घरी असताना, बसची घाई नसताना, मुद्दाम सकाळी लिटरभर साधं पाणी पेल्यानं, अर्ध्या तासात पिऊन बघा. लिंबू नाही, तांबं नाही, नळी नाही. धावावं लागलं तर चोर ते लिटरच. नाही लागलं, तर बाकीच्या दोघांपैकी एक, नाहीतर बसची धास्ती. काय झालं ते कळवा. आणि टोपणातलं ते रबरी कडं आज काढाल तेव्हा आत काय दिसलं तेही लिहा.